एम.डेस.वाल्यांसाठी रिसर्चचे चार रविवार, वडोदरा: ३.५ स्टार

क्लासचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, अलकापुरीकडे आहे, ज्याला कळायचं त्याला कळेल. मी एम.डेस. म्हणजे मास्टर ऑफ डिझाइन, फर्स्ट इयर, रिसर्च म्हणजे गूगल फॉर्म बनवून फॅमिली ग्रुपवर टाकायचा एवढीच अक्कल, म्हणून ३,५०० रुपये भरले.

पहिल्याच रविवारी मॅडमनी खंडेराव मार्केटला पिटाळलं, दोन तास नुसतं बघा आणि लिहा, विचारायचं काही नाही. दुसऱ्या रविवारी बोलायची परवानगी. मी एका भाजीवाल्या मासींना वजनकाट्याकडे बोट दाखवून विचारलं, "आ काँटो फावे छे?" म्हणजे हा काटा जमतो का. त्या म्हणाल्या "हा, फावे." झालं, इंटरव्ह्यू खतम! मॅडम म्हणाल्या, होय-नाहीचं विचारलंस तर समोरचा तुला बरं वाटेल तेच सांगणार, आज सकाळचं पहिलं गिऱ्हाईक कसं झालं ते विचार. मग मासी थांबेचनात. पाणी जाऊ नये म्हणून काट्याला प्लास्टिकची पिशवी बांधलेली, आकडे धड दिसत नाहीत, म्हणून त्या वजन मोठ्याने सांगतात आणि गिऱ्हाइकाला वाटतं मुद्दाम लपवतायत, रोजची कटकट. पिशवी माझ्या वहीत आदल्या रविवारीच लिहिलेली होती बरं का, पण अर्थ तेव्हा कुठे लागला होता.

तिसऱ्या रविवारी त्या सगळ्या नोंदी स्टिकी नोट्सवर, जपानच्या जिरो कावाकितांची पद्धत, म्हणजे आधी चिठ्ठ्या जवळजवळ लावत जायच्या आणि गठ्ठा जमला की मग त्याला नाव. आमच्या ग्रुपने शहाणपणा करून हेडिंगं आधीच चिकटवली होती, सगळी काढायला लावली.

चौथा रविवार मात्र उरकलाच. डिझाइनबद्दलचा रिसर्च, डिझाइनसाठीचा आणि डिझाइन करता करता होणारा, हे ब्रिटिश अभ्यासक क्रिस्टोफर फ्रेलिंगचं १९९३ चं वर्गीकरण एका स्लाइडमध्ये संपलं, आणि आमची बोंब नेमकी तिसऱ्यातच असते, मॉडेल बनवलं की तोच रिसर्च असं धरून चालतो सगळे. पेपर कसे शोधायचे आणि झोटेरो, म्हणजे संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर, मिळून वीस मिनिटं, त्यात वायफाय गेलेलं. सयाजीराव महाराजांनी १९१० साली सेंट्रल लायब्ररी काढली त्या गावात राहून तिकडे एक चक्कर नाही, मांडवीला तर आहे, काय लांब आहे का!

जाणार असाल तर झोटेरो घरूनच टाकून न्या आणि मार्केटच्या दिवशी चपला जुन्या घाला.