खान्देशच्या उन्हात ८ महिने, ३ गॉगल: काळ्या काचेपेक्षा रुंद काडी कामाला आली

फेब्रुवारी ते सप्टेंबर असे हे तीन गॉगल आलटून पालटून वापरात होते. पहिला काळपट करड्या काचेचा, छोट्या फ्रेमचा, साधा. दुसरा तपकिरी पोलराइज्ड, म्हणजे सपाट पृष्ठभागावरून उलटणारी चमक गाळणारा, रुंद काडीचा आणि चेहऱ्याला वळसा घालणारा. तिसरा नंबरचा, उन्हात आपोआप काळा होणारा, म्हणजे फोटोक्रोमॅटिक. वापरणाऱ्याचे डोळे कोरडे, उजेडाला हळवे, झगमगाटात अर्ध्या तासात कपाळ धरणारे. अहिराणीत एका वाक्यात सांगायचं तर डोयाले ऊन लागस. अशा डोळ्यांसाठी दुसराच कामाचा ठरला, पण त्यातही दोष आहेत आणि ते पुढे येतीलच.

आधी काळेपणाबद्दल. काच किती काळी आहे आणि ती अतिनील किरण किती अडवते, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. अगदी पांढरी स्वच्छ काचही अतिनील पूर्ण अडवू शकते, आणि रस्त्यावरची काळीकुट्ट काच ते आत सोडू शकते. तशी काच जास्त वाईट, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि आत जाणारे किरण वाढतात. म्हणून 'यूव्ही ४००', म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडवणारी काच, हवीच. नुसत्या चिकटपट्टीवर विसंबू नका. बऱ्याच चष्मेवाल्यांकडे अतिनील तपासायचं छोटं यंत्र असतं, गॉगल त्यात धरायला सांगा. घरी तपासायचं तर ३६५ नॅनोमीटरची टॉर्च नोटेवर मारा. नोटेचा नंबर आणि तिच्यातले बारीक धागे चमकतील. मग मधे काच धरा, चमक विझायला हवी. बाजारातली स्वस्त जांभळी टॉर्च बहुतेक ३९५ ची असते, तिचा डोळ्याला दिसणारा जांभळा उजेड काचेतून थोडा जातोच, त्यामुळे चांगली काचही नापास वाटते.

काळेपणाची श्रेणी बहुतेक वेळा काडीच्या आतल्या बाजूला छापलेली असते. श्रेणी २ मधून १८ ते ४३ टक्के उजेड आत येतो, श्रेणी ३ मधून ८ ते १८, श्रेणी ४ मधून ३ ते ८. एप्रिल-मेच्या उन्हाला ३ पुरे. हळव्या डोळ्यांचा माणूस साहजिकच ४ उचलतो, पण ती लावून गाडी चालवायची नसते. आणि एक गोष्ट लोकांना पटत नाही: घरात, दुकानात, ट्यूबलाइटखाली काळा गॉगल लावून बसलं की डोळे अंधाराला सरावतात आणि मग साधा उजेडही बोचू लागतो. घरातल्या उजेडाचाच त्रास असेल, विशेषतः अर्धशिशी असेल, तर एफएल-४१ नावाची गुलाबीसर छटा मिळते, डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारा. उजेड सहन न होणं अचानक सुरू झालं, सोबत दुखणं, लाली किंवा धूसरपणा असेल, तर गॉगलच्या दुकानात जाऊच नका, थेट डोळ्यांचा दवाखाना गाठा.

आता काडीचं. पहिला गॉगल इथेच हरला. समोरून काच छान काळी, पण बाजूने आणि भुवईवरून ऊन थेट आत. कानशिलाकडून येणारा तिरपा उजेड बुबुळाच्या पारदर्शक पडद्यातून वाकून नाकाकडच्या कडेवर एकवटतो. डोळ्यावर मांस वाढतं ते बहुतेक त्याच बाजूने, हा योगायोग नाही. दुकानात आरशापुढे उभं राहून बघा: भुवई आणि फ्रेम यांत साधारण ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको, गालाला फ्रेम टेकायला नको, आणि दिवा कानामागून धरला तर काचेच्या आतल्या बाजूला त्याचं प्रतिबिंब दिसायला नको. दिसत असेल तर आतून चकाकीविरोधी थर असलेली काच मागा. काडीवर ६२-१५-१३० असे आकडे असतात: काचेची रुंदी, नाकावरचं अंतर, काडीची लांबी. मोठ्या चेहऱ्याला काच ६० च्या पुढचीच घ्या. बंदिस्त फ्रेमचा दुसरा फायदा मे महिन्यात कळतो. गरम कोरडा वारा डोळ्याला थेट लागत नाही, अश्रू टिकतात, चुरचुर निम्मी होते. तोटा जुलैत कळतो: सिग्नलला थांबलं की आतून वाफ धरते.

पोलराइज्डचं कौतुक जरा मोजून करावं. डांबरावरची चमक, शेततळ्याचं पाणी, केळीच्या पानावरचा तकाकता पट्टा, पुढच्या काचेत दिसणारं डॅशबोर्ड, हे सगळं तो जवळपास पुसून टाकतो. पण टरबुजाच्या वाफ्यावरचा रुपेरी मल्चिंग पेपर, पत्र्याचं छप्पर आणि चुन्याची भिंत यांवर त्याचा विशेष जोर चालत नाही, कारण तिथून उलटणारा उजेड फारसा पोलराइज्ड, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, नसतोच. तिथे काचेचा काळेपणा आणि टोपीची कड हेच कामाचं. धुळे-जळगाव रस्ता पूर्व-पश्चिम. सकाळी धुळ्याहून निघालात की सूर्य समोर, संध्याकाळी परतताना पुन्हा समोर. थेट सूर्यापुढे पोलराइज्ड आणि साधी काच सारखीच. शिवाय पेट्रोल पंपावरचे आकडे आणि मोबाइल मान तिरकी केल्यावर काळे दिसतात, हेल्मेटच्या काचेवर इंद्रधनुषी पट्टे उमटतात. दोष नाही, सवय होते. खरेदीच्या वेळी मोबाइलसमोर गॉगल हळूहळू फिरवा: दोन्ही काचा एकाच कोनात काळ्या व्हायला हव्यात. मागे-पुढे होत असतील तर काचा वाकड्या बसवल्यात, डोकं दुखणार.

रंगात तपकिरी किंवा करडा, दोन्ही ठीक. निळा फक्त फोटोपुरता.

फोटोक्रोमॅटिकबद्दल दुकानदार एक सांगत नाही: उष्णता वाढली की ही काच कमी काळी होते. भुसावळ ४५ अंशांवर तापतं तेव्हा, नेमकं जेव्हा हवं तेव्हा, ती अर्धवटच गडद झाली. चारचाकीत तर जवळजवळ पांढरीच राहते, कारण पुढची काच अतिनील आधीच अडवते आणि काळं होण्यासाठी तेच लागतं. थंडीत मात्र उत्तम. नंबर उणे ४ च्या पुढे असेल तर वळणदार फ्रेमच्या नादाला लागू नका, कडेला जमीन वाकडी दिसते. मध्यम फ्रेम आणि रुंद काडी घ्या.

टिकाऊपणात पोलराइज्ड कच्चा. मेमध्ये बंद गाडीच्या डॅशबोर्डवर राहिला आणि काचेच्या कडेला थर सुटून तेलकट रंग दिसू लागले. हे दुरुस्त होत नाही. पहिल्या गॉगलच्या करड्या पॉलिकार्बोनेट (कडक प्लास्टिक) काचेला तडा नाही, पण ओरखडे भरपूर. काळ्या मातीची धूळ बसलेली काच रुमालाने कोरडी पुसणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणं. आधी पाण्याखाली धरा, भांड्याच्या साबणाचा एक थेंब बोटाने फिरवा, धुवा, मग मऊ कापड. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर शेवटचं पाणी फिल्टरचं घ्या, नाहीतर पांढरे डाग सुकतात. सॅनिटायझर आणि काच पुसायचा निळा फवारा लांबच. घामाने बिजागरीचा स्क्रू हिरवा पडतो आणि सैल होतो. घट्ट करून वर नेलपॉलिशचा थेंब सोडला की वर्षभर हलत नाही. नाकाचे सिलिकॉन पॅड सहा महिन्यांत पिवळे पडले, तेवढे बदलून घेतले.