सेल्फ फिरतो, गाडी चालू होत नाही, आणि समोर 'कंप्युटर गेला' म्हणणारा उभा

उन्हाळ्यात जुनी गाडी घेऊन हायवेला निघणाऱ्यांनी हे वाचून ठेवा. आमचे साडेअकरा हजार गेले, तेही अशा बिघाडापायी की गाडी सावलीत गार होऊ दिली असती तर ती तेवढ्यापुरती आपोआप चालू झाली असती.

गाडी 2007 ची, पेट्रोल. पंधरा वर्षं झाल्यावर हरित कर भरून, आरटीओत पासिंग करून पुढची पाच वर्षं वाढवून घेतलेली. मे महिन्यात कराडला लग्नाला निघालो होतो. खंबाटकी ओलांडून सुरूरच्या पुढे चहाला थांबलो, परत येऊन चावी मारली तर चालू होईना. सेल्फ खणखणीत फिरत होता, म्हणजे बॅटरी ठीक. इंजिन मात्र पकडत नव्हतं.

तेवढ्यात बाईकवरून एक जण हजर. "काका, बोनेट खोला." त्याने एक प्लग काढला, मला सेल्फ मारायला लावला आणि ठिणगी येत नाही हे सगळ्यांना दाखवलं. त्याने दाखवलं ते खरंच होतं, गोम तिथेच आहे. लक्षण खरं, निदान खोटं. "करंटच नाही बघा. कंप्युटर गेला हिचा. त्यानं पेट्रोलचा पंप पण ओढलाय."

संध्याकाळी हळद, मागच्या सीटवर आई, वर ऊन. "काकू, आजींना घेऊन हॉटेलात बसा, इथं उन्हात कशाला?" केवढी ती माया! गाडी ढकलत त्याच्या गॅरेजात गेली आणि तास-दीड तासाने फोन आला, "झाली काका." अर्ध्या सेल्फला चालू झाली. सेकंडहँड ईसीएमचे, म्हणजे त्या 'कंप्युटर'चे, आठ हजार, पंपाचे अडीच, मजुरी एक. जुना माल दाखव म्हटलं तर म्हणाला, "एक्स्चेंजमध्ये दिला, म्हणून तर एवढ्यात बसलं." बिल म्हणजे वहीचं फाडलेलं पान. ना गॅरेजचं नाव, ना जीएसटी नंबर.

पुण्यात परतल्यावर एका भर दुपारी स्वारगेटच्या सिग्नलला गाडी बंद पडली. पुन्हा तेच, सेल्फ फिरतोय आणि इंजिन ढिम्म. आमचा नेहमीचा फिटर आला. हा माणूस बोलतो कमी. त्याने बोनेटखाली हात घालून एका सेन्सरवर बाटलीतलं पाणी हळूहळू ओतलं, थोडा थांबला आणि म्हणाला, "मारा." गाडी चालू!

तो होता क्रँक सेन्सर. इंजिनाचा क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा, कुठल्या जागी फिरतोय हे तो ईसीएमला सांगतो. ती खबर आली नाही की ईसीएम ना ठिणगी देत, ना पेट्रोल मारत. म्हणून सेल्फ कितीही मारा, गाडी चालू होत नाही. जुना झालेला सेन्सर इंजिन तापलं की दगा देतो आणि गार झाला की पुन्हा शहाण्यासारखा वागतो. हायवेवरच्या त्या गड्याला हे पक्कं ठाऊक असणार. त्याला नुसता वेळ काढायचा होता, बाकी काम वाऱ्याने केलं. नवा सेन्सर हजाराच्या आत-बाहेर पडला.

मग फिटरने मागची सीट उचलली. आमच्या गाडीत पंप तिथेच, टाकीत बसवलेला आहे. वरच्या झाकणावर धुळीचा सलग थर, स्क्रूंच्या खाचांत माती घट्ट बसलेली. त्या स्क्रूंना कित्येक वर्षांत कुणी हात लावलेला नव्हता. ईसीएमवर तर मागे वायरिंगच्या कामाच्या वेळी त्यानेच मार्करने आमच्या गाडीचा नंबर टाकला होता, तो जसाच्या तसा. काहीही बदललेलं नव्हतं.

तेव्हा चावी नुसती ऑन करून आधी कान द्या. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत पंपाची दोनेक सेकंद गुणगुण ऐकू येते. ती आली तर 'पंप गेला' हे ऐकून लगेच मान डोलवू नका. नाहीच आली, तर पहिला संशय फ्यूज आणि रिलेवर (पंपाला करंट जोडणारा छोटा स्विच) घ्या, ते स्वस्तातलं काम आहे. चेक इंजिनचा दिवा चावी ऑन केल्यावर लागायलाच हवा. लागत असेल तर ईसीएमला सप्लाय मिळतोय, म्हणजे 'कंप्युटर जळाला' म्हणणाऱ्याकडे पुरावा मागायला जागा आहे. आरपीएमचा काटा असेल तर सेल्फ मारताना तो किंचित तरी उचलतो का बघा. अनेक गाड्यांत तो शून्यावरून हललाच नाही तर क्रँक सेन्सरकडे बोट जातं. गाडी तापलेली असताना बंद पडली असेल तर कुणाच्याही हाती देण्याआधी बोनेट उघडून चांगली गार होऊ द्या. हळद थोडी उशिरा लागेल.

राष्ट्रीय महामार्गावर 1033 हा मदतीचा नंबर आहे, ओळख ना देख अशा बाइकवाल्याआधी तो लावा. काम करायला द्यावंच लागलं तर जो पार्ट बदलणार म्हणतात त्याचा आधी फोटो काढा आणि जुना पार्ट हातात आल्याशिवाय पैसे काढू नका. एक्स्चेंजची सबब ऐकूच नका. आणि घरातलं एक माणूस गाडीपाशी उभं राहू द्या, ऊन असो की पाऊस.

त्या गॅरेजला फोन केला तर, "गाडी चालू करून दिली होती ना काका?" एवढं बोलून ठेवून दिला. मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. झाकणाचे फोटो, फिटरची लेखी चिठ्ठी आणि वहीचं ते पान जोडलंय. गॅरेजवाल्याने रोख मागितले होते, पण खिशात तेवढे नव्हते म्हणून यूपीआय केलं, त्यामुळे पैसे कुणाच्या खात्यात गेले तेही नोंदीत आहे. यातून काही निघालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही.