लिफ्टेड गाडीला लांब बंप स्टॉप: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

दोन इंच लिफ्ट (म्हणजे गाडी तेवढी उंच करणं), मोठे टायर, लांब शॉक ॲब्सॉर्बर, सगळं हौसेनं करायचं आणि बंप स्टॉप, म्हणजे चाक वर येताना ॲक्सलला शेवटी अडवणारे ठोकळे, मात्र कंपनीचेच ठेवायचे, अशा गाड्या पावलोपावली दिसतात. लिफ्ट किटच्या बॉक्समधे ते बऱ्याचदा नसतातच, आणि बसवणारा पण आपणहून विषय काढत नाही. माझ्या मते लिफ्ट केलेल्या गाडीत सगळ्यात आधी पैसे घालायची जागा हीच, कारण यातच त्या महागड्या शॉकचा जीव असतो.

कसं ते सांगतो. लांब शॉक पूर्ण दबला तरी जुन्या शॉकपेक्षा लांबच राहतो. बंप स्टॉप जुन्याच उंचीवर असेल तर ॲक्सल वर येताना तिथे टेकायच्या आधीच शॉकची दांडी संपते, मग आतला पिस्टन तळाला आपटतो आणि गाडीचा सगळा दणका शॉकवर आणि त्याच्या माउंटवर. सील जातं, माउंटचं वेल्डिंग तडकतं, आणि आपण म्हणतो शॉकच फालतू निघाला.

माझी गाडी पुढे-मागे सॉलिड ॲक्सलवाली (डावं-उजवं चाक एकाच आडव्या दांड्याला), कॉइल स्प्रिंगची. "जितकी लिफ्ट तितका स्पेसर" (स्पेसर म्हणजे बंप स्टॉपची लांबी वाढवायला लावायचा तुकडा) हा हिशोब सगळीकडे ऐकू येतो, तो मला पटत नाही, किती लांबी हवी ते शॉक आणि टायर ठरवतात, लिफ्टचा आकडा नाही. म्हणून चॅसी भक्कम स्टँडवर घेतली, स्प्रिंग काढल्या, शॉक आणि चाकं लावून ॲक्सल जॅकने हळूहळू वर नेला. आधी दोन्ही बाजू एकदम, मग एकच बाजू. हे दुसरं फार महत्त्वाचं आहे बरं का, कारण एक चाक वर आणि एक खाली असताना ॲक्सल तिरका होतो, टायरचा वरचा भाग आत झुकतो आणि सपाट दाबताना जिथे भरपूर जागा दिसत होती तिथेच घासायला लागतो. पुढच्या चाकांना स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून परत तेच. शॉकची दांडी साधारण अर्धा इंच शिल्लक राहील तिथे थांबायचं, टायर त्याआधी लागला तर त्याआधी, आणि ट्रॅक बार (ॲक्सलला बाजूला सरकू न देणारी दांडी) किंवा ड्राइव्हशाफ्ट कशाला भिडत नाही ना ते पण बघायचं. स्प्रिंगचे वेढे एकमेकांवर बसायच्या आत हे सगळं व्हायला हवं, ते वेगळं मोजून ठेवा.

आता मटेरियल. आधी कडक पॉलीयुरेथेनचे लावून बघितले, टिकाऊ आहेत यात वाद नाही, पण जरा वेगात खड्डा आला की थेट मणक्यात ठक्क! मग फोमवाले घेतले, बारीक बुडबुड्यांचं युरेथेन असतं ते, टेकल्यावर मऊ लागतं आणि दाबत जाईल तसं कडक होतं, म्हणजे शेवटच्या टप्प्यात आणखी एक स्प्रिंग मिळाल्यासारखंच. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, फोम निम्म्याहून जास्त दबतो आणि पॉली त्या मानाने फारच कमी, त्यामुळे एकाच मापाचे दोन्ही चालत नाहीत. मोजताना फोमची पूर्ण दबलेली उंची धरायची.

पुढे बंप स्टॉप कॉइलच्या आतच आहे, त्यामुळे खालच्या पर्चवर (स्प्रिंग जिथे बसते त्या बैठकीवर) भोक पाडून आटे काढले आणि स्पेसर बोल्टने आवळला. हा स्पेसर स्प्रिंगच्या आत आधी टाकून मग स्प्रिंग जागेवर न्यायची, नाहीतर सगळं परत उघडायची वेळ येते.

वापरात काय फरक पडला? दगडांवरून उतरताना ते लोखंडी "धाड" गेलं, आता नुसतं "धप्प" होतं. शॉकच्या दांडीवर एक केबल टाय घट्ट बांधून ठेवलाय, प्रत्येक ट्रिपनंतर बघतो, तो शेवटपर्यंत कधीच सरकलेला नाही, म्हणजे शॉक तळाला लागलेला नाही. टायर पण फेंडरच्या आत लागलेला नाही, आधी तिथलं प्लास्टिक घासून पांढरं पडलं होतं.

तक्रारी पण आहेत. वर जायला चाकाला जागा कमी झाली, त्यामुळे खूप आडव्यातिडव्या खड्ड्यात दुसरं चाक जरा लवकर उचलतं, हे जाणवतं. सामान आणि माणसं भरून निघालं की मागचे स्टॉप सारखे टेकत राहतात आणि राइड कडक होते, पण तो दोष मऊ स्प्रिंगचा, बंप स्टॉपला शिव्या देऊन उपयोग नाही. चिखल बंप स्टॉपच्या कपात साचून वाळतो, धुताना तिथे पाण्याचा फवारा मारावा लागतो. आणि सुरुवातीला एक बोल्ट ढिला झालेला सापडला, तेव्हापासून थ्रेडलॉक (बोल्ट ढिला होऊ न देणारा गोंद) लावून बोल्टच्या डोक्यावरून मार्करची रेघ मारून ठेवलीय, रेघ तुटली की कळतं. फोमच्या कडेला बारीक भेगा दिसायला लागल्यात, आत काही नाही.

नायट्रोजन भरलेले हायड्रॉलिक बंप स्टॉप घ्यावेत का असं बरेच जण विचारतात. वेगात उड्या मारत गाडी पळवणार असाल तर जरूर घ्या, दगडधोंड्यातून रांगत जाणाऱ्याला तो खर्च आणि वर त्यांचं गॅस प्रेशर, सीलचं लचांड कशाला? हे फोम संपले की मी परत फोमच टाकणार, फक्त मागे थोड्या कडक स्प्रिंग आधी बसवेन.