गरोदरपणात बीपीची गोळी: लॅबेटॅलॉल, निफेडिपिन की मिथाइलडोपा?

सांगलीत आमच्या मेडिकलच्या काउंटरवर सासूबाई सुनेची चिठ्ठी पुढे करतात आणि विचारतात, "थोरलीला दुसरी गोळी होती, हिला ही का?"

आधी तुलनेत बसतच नाहीत त्यांच्याबद्दल. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालॅप्रिल. आधीपासून बीपी असलेल्या मुलींची यातली एखादी चालू असू शकते, आणि ती बाळाच्या किडनीला घातक. दिवस गेल्याचं कळलं की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून बदलून घ्यायची. नुसती बंद करून बसायचं नाही.

उरल्या तीन. लॅबेटॅलॉलपासून बरेच डॉक्टर सुरुवात करतात, साधारण 100 मिलिग्रॅम दोन वेळा. दमा असेल तर मात्र नको. "दमा नाही हो, थंडीत तेवढा पंप घेते" म्हणणाऱ्या भेटतात. ते पंपाचं डॉक्टरांपर्यंत पोचलं पाहिजे.

निफेडिपिनची हळू सुटणारी (पोटात औषध हळूहळू सोडणारी) गोळी दिवसातून एकदाच घ्यायचीही मिळते. विसरभोळीला हीच बरी, फक्त फोडायची-चावायची नाही. डोकं दुखतं, चेहरा तापतो, घोटे सुजतात. पेच इथंच आहे. डोकेदुखी आणि सूज प्रीएक्लॅम्प्सियातही (गरोदरपणात बीपी वाढून होणारा धोकादायक आजार) असते, त्यामुळे "गोळीमुळेच असेल" म्हणून घरी बसू नये, बीपी मोजावा.

मिथाइलडोपा सगळ्यांत जुनी. हिच्यावर वाढलेल्या मुलांना साडेसात वर्षांपर्यंत तपासलंय, तक्रार सापडली नाही. पण दोन-तीनदा घ्यावी लागते, झोप येते, मन उदास होतं. म्हणून बाळंतपणानंतर ती बदलतात.

तिन्हींची थेट तुलना आपल्या नागपुरातच झाली, 2019 साली छापून आली. बीपी 160/110 पर्यंत चढलेल्या 894 बायका होत्या. सहा तासांत, त्रास न होता, बीपी आटोक्यात आला तो निफेडिपिनवर 84 टक्के, लॅबेटॅलॉलवर 77, मिथाइलडोपावर 76 जणींचा. हे तातडीच्या वेळचं गणित, रोजच्या गोळीला जसंच्या तसं लावता येणार नाही. तरी जुनी म्हणून मिथाइलडोपाला नाक मुरडणाऱ्यांनी ते 76 बघावेत.

सातव्यात माहेरी दहिवडी-म्हसवडकडे जाणार असाल, तर चिठ्ठीवर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं नाव आणि मिलिग्रॅमही लिहून घ्या. निफेडिपिन असेल तर हळू सुटणारी, हेही. तिथल्या मेडिकलात तीच कंपनी असेल असं नाही, म्हणून महिन्याभराच्या गोळ्या पिशवीत असू द्या.