दुसरी बोट विकायला नव्हतीच

नाशिकचा माणूस शिडाची बोट कशाला घेतोय हे आधी सांगून टाकतो, कारण बायकोपासून सीएपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला मी आठेक वर्षं डिंगी, म्हणजे छोटी शिडाची होडी, चालवतोय. (नाशिक आणि बोट म्हटलं की लोक लगेच दत्तू भोकनळचं नाव काढतात, पण तो २०१६ ला रिओत वल्ही मारत होता, शिडाचं काम वेगळं, असो.) धरणात कितीही फिरलं तरी तासाभरात परत तोच काठ. साल्हेर किल्ला आमच्या जिल्ह्यात आणि खांदेरी किल्ला अलिबागजवळ समुद्रात, २०२५ ला दोन्ही एकाच वेळी युनेस्कोच्या यादीत आले, साल्हेर दोनदा चढून झालाय, तर खांदेरीला स्वतःच्या शिडावर चक्कर मारायची आणि पुढे किनाऱ्याकिनाऱ्याने मुरूड, दिघीपर्यंत जायचं एवढंच खूळ होतं.

बजेट पाच लाख. त्यात जुनी २२ फुटी बोटच बसते, म्हणून वर्षभर फक्त एकाच गोष्टीवर डोकं खाल्लं, फिक्स कील घ्यायची का स्विंग कील. कील म्हणजे बोटीच्या पोटाखालचं जड पातं, वाऱ्याने बोट आडवी पडू नये आणि बाजूला सरकू नये म्हणून. कॅटलिना २२ नावाची अमेरिकन बोट आहे, १९७० च्या आसपास बनायला लागली, हजारोंनी खपली, ती दोन्ही प्रकारात मिळते. फिक्सवालीला साधारण साडेतीन फूट पाणी लागतं. स्विंगवालीची अडीचशे किलोच्या आसपासची बिडाची कील एका पिनवर लटकते, विंचने (केबल गुंडाळायच्या हातरहाटाने) वर घेतली की दोन फूट पाण्यातही बोट तरंगते, खाली सोडली की पाच फूट. आपल्याकडे उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरच्या वर फरक पडतो, ओहोटीला खाड्या रिकाम्या होतात, फिक्स कीलवाली चिखलात कुशीवर झोपणार. पण स्विंगला पिन, केबल, विंच, सगळी जास्तीची दुखणी. याची मी चक्क एक्सेल शीट केली होती, मार्क देऊन. हसा.

तर मे महिन्यात एक जाहिरात दिसली, दोन्ही कॅटलिना २२, एक स्विंग एक फिक्स, एकाच शेडमध्ये. पहाटे कसारा घाट उतरून रायगडमधल्या एका खाडीकाठी पोचलो. विकणारा माणूस गोड, "साहेब नाशिकहून आलात, आधी चहा घ्या" वगैरे. फिक्सवाली बोट बाहेर उन्हात उभी, डोलकाठीच्या ताणाच्या तारांचे पदर तुटून बाहेर आलेले, आतल्या गाद्यांना बुरशी, मागितले पावणेसहा लाख. स्विंगवाली आत सावलीत, ट्रेलरवर, नवा पांढरा रंग, खाली निळा अँटीफाउलिंग (पाण्यात शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून लावतात तो रंग), मागितले साडेसहा, म्हणाला १९९८ चं मॉडेल आहे. आणि मग तो हळू आवाजात म्हणाला, "साहेब, खरं सांगू का, ती बाहेरची नका घेऊ. माझं नुकसान झालं तरी चालेल, पण तिच्यात तुमचे पैसे बुडतील."

झालं. आपलाच माल वाईट म्हणणारा माणूस कधी खोटं बोलेल का! तिथून पुढे मी आतल्या बोटीची तुलना फक्त बाहेरच्या बोटीशी करत बसलो, चांगल्या बोटीशी केलीच नाही. माझं नाशिकच्या अंबडला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, एसएस म्हणजे स्टेनलेस स्टील रोज हातात असतं, त्यामुळे तारा, त्या ताणायचे टर्नबकल, तारा जिथे बोटीच्या अंगाला अडकतात त्या पट्ट्या, सगळं भिंग लावून बघितलं, स्टील ३०४ ग्रेडचं का ३१६ यावर त्यालाच लेक्चर दिलं. ते सगळं खरंच ठीक होतं. मला जे कळतं ते मी तपासलं आणि जे कळत नाही त्यावर त्याने नवा रंग मारून ठेवला होता.

इंजिन प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये पाणी भरून चालवून दाखवलं, दुसऱ्या झटक्याला सुरू. कील ट्रेलरवर टेकलेली असल्यामुळे खाली सोडून बघता आली नाही. "पाण्यात उतरवून दाखवतो, पण क्रेनचे पैसे तुमचे, आणि १ जूनपासून सगळं बंद, आत्ता नाही नेलीत तर पावसाळाभर शेडचं भाडं लागेल." मी तरी सर्व्हेअर, म्हणजे बोट तपासून रिपोर्ट देणारा माणूस, पाहिजे म्हणालो, तर सर्व्हेअर त्यानेच दिला. सहा हजार फी, व्हॉट्सॲपवर दोन पानी पीडीएफ, 'जनरल कंडिशन गुड'. चार लाख ऐंशीला सौदा झाला, पन्नास हजार यूपीआय, बाकी कॅश, आणि हो, कॅशची पावती साध्या कागदावर. बोट त्याच शेडमध्ये ठेवली, पावसाळाभर भाडं भरून. म्हणजे घाई कशाची होती?

नोव्हेंबरमध्ये पाण्यात उतरवली. सकाळी मतलई वाऱ्यावर झकास निघालो, मावसभाऊ सोबत. दुपारी खारा वारा सुटला, लाटा उठल्या, शीड कमी करून इंजिन लावलं तर प्रत्येक लाटेला इंजिनाचा पंखा पाण्याबाहेर आणि इंजिन किंचाळतंय. नंतर कळलं ते शॉर्ट शाफ्ट होतं, म्हणजे पंख्यापर्यंतचा दांडा आखूड, १५ इंची, छोट्या सपाट होडीचं. शिडाच्या बोटीला निदान २० इंची लाँग शाफ्ट लागतो. ड्रममध्ये काय, कुठलंही इंजिन छान चालतं. त्यात खालून कील धाड धाड वाजायला लागली, पिनचं भोक झिजून लंबगोल झालेलं. मावसभावाने देवाचं नाव घेणं सुरू केलं होतं. कसेबसे जेट्टीला लागलो.

जेट्टीवर एक म्हातारे तांडेल जाळं सांधत बसले होते. आमचे चेहरे बघून स्वतःच वर आले, खिशातल्या सुरीची मूठ उलटी धरून डेकवर टकटक करत नाळेकडून (बोटीच्या पुढच्या टोकाकडून) मागे चालत गेले. पुढे टक टक टक, डोलकाठीपाशी आल्यावर आवाज बदलला, भद भद, ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. "हिच्या अंगात पानी मुरलंय रं पोरा," म्हणाले. फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड किंवा बाल्साचं लाकूड असतं, वरून ठोकलेल्या प्रत्येक बोल्टच्या भोकातून पाणी आत जातं आणि लाकूड कुजतं, वरून काही दिसत नाही. घरी येऊन एक क्लीट (डेकवरची दोर बांधायची खुंटी) उघडलं तर बोल्टला चिकटून काळा चिखलच बाहेर आला, कुजलेल्या गोधडीसारखा वास. मेमध्ये शेडमध्ये बोट बघणं म्हणजे उन्हाळ्यात घराची गच्ची बघून घर घेणं, हे मला नाशिकच्या पावसात राहून कळू नये? सुरीची मूठ आणि पाण्याचा पाइप, दहा मिनिटांचं काम होतं. एकाने वर पाइप सोडायचा, एकाने आत बसून बघायचं.

मग ब्लेड घेऊन बोटीच्या पाठीमागची उजवी बाजू खरवडली. अमेरिकेत बनलेल्या बोटींवर तिथे १२ अक्षरी हल नंबर, म्हणजे बोटीचा ओळख क्रमांक, असतो, १९८४ नंतरच्या पद्धतीत शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष. तीन थर रंगाखाली ८६ निघाले. म्हणजे बारा वर्षं तर तिथेच खाल्ली. कस्टमच्या बिल ऑफ एंट्रीची (बोट आयात केल्याच्या कागदाची) प्रत मी मागितली होती, तो "पाठवतो" म्हणाला होता, ती अजून येतेच आहे. पोलिसांनी ऐकून घेतलं आणि दिवाणी दावा लावा म्हणाले. वकिलाने त्या साध्या कागदाच्या पावतीकडे बघून माझ्याकडे बघितलं.

पण खरा झटका शेडच्या वॉचमनने दिला. ट्रेलर आणायला गेलो तेव्हा सहज विचारलं, ती बाहेरची फिक्सवाली अजून गेली नाही का. तो म्हणाला, "ती कशी जाईल, ती यांची नाहीच. मालक दुबईला, तीन वर्षं झाली, आम्ही नुसती सांभाळतो." म्हणजे दोनपैकी एक निवड असं काही नव्हतंच. लासलगावला एक ट्रॉली सडका कांदा शेजारी उभा करा, दुसरी ट्रॉली आपोआप चांगली दिसते. आणि मी गाढव एक्सेलमध्ये तिला मार्क देत होतो.

आता बोट अंबडला वर्कशॉपमागे ताडपत्रीखाली आहे, डेक कापून ओलं लाकूड काढतोय, आतापर्यंत वरून एक लाख नव्वद गेलेत, कीलच्या पिनला मी स्वतः लेथवर टर्न केलेला बुश (भोकात बसणारी नळी) बसवलाय, तो मात्र झकास बसलाय. हे सगळं आत्ता लिहितोय कारण गेल्या आठवड्यात परत जाहिरात दिसली. दोन बोटी, एक फिक्स एक स्विंग, एकाच शेडमध्ये. स्विंगवाली कुठली तरी नवीन आणलीये, फिक्सवाली तीच. फोटोच्या डाव्या कोपऱ्यात एक निळी बादली आहे, ड्रम भरायला मी नाशिकहून नेलेली. ती तिथेच राहिली.