सराफ्यातली बुधवारची रात्र

मी इंदूरच्या रामबागेत वाढले. तिथला सराफा, रात्रीच्या खाण्याचा बाजार, मला आमच्या ओसरीइतका ओळखीचा, पण गेली सात वर्षं तिथे पाऊल टाकलं नव्हतं. आई अंथरुणाला खिळलेली होती. श्रावणात ती गेली आणि त्यानंतर चार महिने दिवसाचं काय करायचं हेच मला उमगेना. रात्री साडेदहाला मोबाइलचा गजर वाजायचा, 'आईची गोळी', की मी उठून तांब्या भरायला निघायचे. तो गजर काढून टाकायला हात धजत नव्हता.

हे मी फक्त एकीला सांगितलं, शाळेपासूनच्या मैत्रिणीला. "सावर आता" असलं काही ती बोलली नाही. "बुधवारी रात्री शाल घेऊन तयार राहा," एवढंच म्हणाली. येताना आणखी दोघींना घेऊन आली.

सराफा होळकरांच्या राजवाड्याच्या मागे. दिवसभर सोन्याचांदीचा बाजार. नऊ-साडेनऊच्या सुमाराला दुकानांची शटरं खाली येतात आणि त्यांच्याच ओट्यांसमोर शेगड्या पेटतात. पार मध्यरात्र उलटेपर्यंत चालू. खाण्याच्या गर्दीमुळे गल्ली जागी राहायची, चोरांची भीती नसे, म्हणून सराफांनाही ती गर्दी हवीशी वाटे, असं आमच्याकडचे जुने लोक सांगत.

सुरुवात भुट्ट्याच्या किसाने केली. किसलेलं कणीस तुपात परतून दुधात शिजवतात, हिंग-मोहरीची फोडणी, वर ओलं खोबरं आणि लिंबू. पहिल्या गाडीवरचा कीस कोमट आणि चिकट निघाला, चौघींनी दोन घासांत सोडला. पुढच्या गाडीवर कढईतून थेट दोन्यात, म्हणजे द्रोणात घेतला, तो मात्र जसा असावा तसाच होता. गरम आहे ना, हे विचारूनच घ्या. मग गराडू. हा कोनफळाच्या जातीचा कंद, थंडीतच मिळतो. फोडी तळून, पुन्हा कडक तळून, वर जिरावण, म्हणजे इंदुरी चटपटीत मसाला, आणि लिंबू. बाहेरून कुरकुरीत, आत पिठूळ. इंदूरला डिसेंबर-जानेवारीत येणाऱ्याने बाकी काही चुकवलं तरी चालेल, गराडू नाही.

जोशींच्या दहीवड्याला थांबलोच. दह्यासकट दोना हवेत उंच उडवून झेलतात, आणि एकाच चिमटीतून वेगवेगळे मसाले एकामागून एक वेगळे सोडतात. लहानपणी बघितलं होतं, आताही मान वर करून बघत राहिले. दही गोडसर, वडा मऊ.

पण खरं सांगायचंय ते साबुदाण्याच्या खिचडीबद्दल. आपली घरची खिचडी तुपात परतलेली असते. इथली वाफेवरची. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर साबुदाणा मोकळा करून ठेवलेला असतो, दाणा न् दाणा सुटा. मागितली की तेवढीच काढून दाण्याचं कूट, हिरवी मिरची, कोथिंबीर, जिरावण घालतात, लिंबू पिळतात, वरून बटाट्याचा फराळी चिवडा टाकून हलवून देतात. हलकी आणि झणझणीत. तो दोना हातात असतानाच साडेदहा वाजले आणि पर्समध्ये गजर वाजायला लागला.

मी घाईने पर्स उघडायला गेले. शाळेतलीने माझा हात धरला. "वाजू दे. काकू गोळी कशाबरोबर घ्यायच्या गं?"

"दुधाबरोबर. साखर घालून, कोमट."

"मग चल, रबडी घेऊ."

एका बंद दुकानाच्या ओट्यावर चौघी टेकलो. आई दूध पिताना पेल्याच्या कडेला साय चिकटायची ती बोटाने काढून मला द्यायची, शेवटच्या महिन्यातसुद्धा. हे मी कुणाजवळच बोलले नव्हते. त्या तिघी ऐकत होत्या, मध्ये कुणी घड्याळ पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यातली एक सकाळीच घरी आली. आम्ही दोघींनी आईच्या औषधांचा खण उपसला. गजर मी चार दिवसांनी काढला, माझा मी.

रबडी उत्तम, फार गोड नाही. जलेबा, म्हणजे भलीमोठी जिलबी, एकटीला संपत नाही, चौघींत एक पुरे. शिकंजी मागवाल तर लिंबूपाण्याची अपेक्षा ठेवू नका. इथली शिकंजी दाट, दुधाची, सुक्यामेव्याची असते. मोमो-नूडल्सच्या गाड्या मध्यंतरी फार वाढल्या, आणि त्यांनी जुन्या पदार्थांची जागा खाल्ली याचं मला वाईट वाटतं. बसायला सोय नाही, गुडघे दुखत असतील तर ओटा शोधावा लागतो. शनिवार-रविवारी गर्दीत शेजारणीचा आवाजही ऐकू येत नाही, म्हणून बोलायचं असेल तर आठवड्याच्या मधला वार निवडा. गाडी राजवाड्याच्या अलीकडेच लावून चालत या. आम्ही संक्रांतीच्या आधीच्या बुधवारी परत जातोय, गराडू संपायच्या आत.