चिप64, रॉस आणि ऑलिव्हिया: एचएफवर निवांत टाइप करत बोलायला कुठला मोड बरा?

हॅम रेडिओत एचएफवर, म्हणजे शॉर्टवेव्हवर, एफटी8 हा ठराविक छोटे संदेशच पाठवणारा मोड सगळे वापरतात: कॉलसाइन, ग्रिड (ठिकाणाचा कोड), सिग्नल रिपोर्ट, 73 (शुभेच्छा), झालं, पुढचा. याचा कंटाळा आला की कुणीतरी हमखास सांगतं, अरे स्प्रेड स्पेक्ट्रमवाले, म्हणजे सिग्नल रुंद पट्ट्यावर पसरवणारे टेक्स्ट मोड बघ, सिग्नल कानाला ऐकू येत नसला तरी अक्षरं येतात. अर्धवट खरंय ते. तिन्ही वापरून बघितलेत, म्हणून लिहितोय.

चिप64 पासून सुरुवात करतो कारण खरा डायरेक्ट सिक्वेन्स स्प्रेड स्पेक्ट्रम म्हणावा असा हाच. निनो पोर्चिनोने 2004 मध्ये आणला. मजकुराचे बिट एका लांबलचक कोडमध्ये पसरून जातात, रिसीव्हरकडे तोच कोड असतो, तो जुळवून बघतो आणि मजकूर परत गोळा करतो. वॉटरफॉलवर (स्क्रीनवर सिग्नल दाखवणाऱ्या चित्रात) नुसता धुरकट पट्टा दिसतो, स्पीकरवर फुसफुस, कुणी बोलतंय असं वाटतच नाही. आयडिया म्हणून मला जाम आवडतो. पण एफएलडिजी या नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये नाहीये, मल्टीपीएसके नावाचा दुसरा प्रोग्रॅम घ्यावा लागतो, आणि त्याच्या स्क्रीनवर इतकी बटणं आहेत की पहिल्या दिवशी फक्त बघत बसायचं. शिवाय सीक्यू (कुणी आहे का, अशी हाक) मारून मारून समोर कुणी येईलच याची काही खात्री नाही, हे खरं दुखणं.

रॉस म्हणजे 2010 मध्ये गाजलेला, होझे अल्बेर्तो निएतो रॉस यांचा. यात टोन एका ठरलेल्या पण विस्कळीत दिसणाऱ्या क्रमाने उड्या मारतात आणि एचएफवर पसारा जातो 2250 हर्ट्झपर्यंत. म्हणजे जवळजवळ अख्खं एसएसबी (आवाजाने बोलायचं) चॅनल! तेवढ्या जागेत पीएसके31 या अरुंद टेक्स्ट मोडचे वीसेक क्यूएसओ (संपर्क) सहज बसतात, मग शेजारचे लोक चिडले तर चूक कुणाची? (नंतर 500 हर्ट्झवाला आला, तो बरा.) अमेरिकेत तर कायद्याचंच लफडं झालं. तिथे 222 मेगाहर्ट्झच्या खाली हॅमना स्प्रेड स्पेक्ट्रम चालत नाही, आणि रॉसच्या माहितीपत्रात आधी तेच नाव लिहिलेलं, मग नंतर हा साधा एफएसके (टोन बदलून मजकूर पाठवणारा) आहे असं कितीही सांगितलं तरी एफसीसीने, म्हणजे तिथल्या रेडिओ नियामकाने, काय मानलं नाही. स्वतःच्या पत्रकाने मोडाला एवढा त्रास दिलेला दुसरा प्रकार मला तरी आठवत नाही.

आता मुद्द्याचं. सिग्नल पसरवला म्हणून साध्या बॅकग्राउंड नॉइजपुढे तो जास्त टिकतो असं नसतं, कारण जेवढी बँडविड्थ वाढवाल तेवढा नॉइजही आत येतो, हिशेब बरोबरीत सुटतो. पसरवण्याचा फायदा दोन ठिकाणी, एक म्हणजे सिलेक्टिव्ह फेडिंग, ज्यात पट्ट्याचा एखादा तुकडाच गायब होतो आणि बाकीच्यावर काम भागतं, आणि दुसरं म्हणजे मध्येच घुसलेली कुणाची तरी शिट्टी. नॉइजखालून अक्षरं काढायचं काम करतं ते एरर करेक्शन, म्हणजे चुका दुरुस्त करता याव्यात म्हणून घातलेले जादा बिट. जाहिरातीत हे दोन्ही एकत्र ढवळून सांगतात.

म्हणूनच माझं मत ऑलिव्हियाला. पावेल यालोखाचा हा मोड काटेकोर अर्थाने स्प्रेड स्पेक्ट्रम नाही, एमएफएसके (अनेक टोनांचा एफएसके) आहे, पण प्रत्येक अक्षर वॉल्श फंक्शन या गणिती कोडने 64 बिटांवर पसरवतो, म्हणजे विचार त्याच घराण्यातला. 1000/32 (1000 हर्ट्झ रुंदी, 32 टोन) मध्ये सेकंदाला जेमतेम अडीच अक्षरं जातात, हळू आहे, मान्य, पण तुम्ही तरी याहून किती फास्ट टाइप करता! सिग्नल नॉइजखाली दहाएक डेसिबल बुडाला तरी वाक्यं जशीच्या तशी येतात आणि मग अचानक कचरा, मधलं काही नाही. एका वेळी एकच टोन असल्यामुळे ऑडिओ लेव्हल थोडी जास्त झाली तरी पीएसकेसारखा शेजारी चिखल उडत नाही, ट्यूनिंग थोडं हुकलं तरी चालवून घेतो. एफएलडिजीत फुकट, विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे.

गर्दी असेल तर 500/16 वर या, आणि आरएसआयडी (मोड कुठला ते समोरच्या प्रोग्रॅमला सांगणारी खूण) चालू ठेवा, नाहीतर समोरचा बिचारा टोन आणि बँडविड्थच्या जोड्या लावत बसतो आणि तोवर तुमचा सीक्यू संपलेला असतो.